दळवीकाकांची दोरी

दारावरची बेल वाजत नव्हती, कारण तिचे सेल साईनाथरावांच्या कोटाच्या खिशात होते. फुंकर घातली की पेटणारा एक दिवा त्यांच्या खेळात होता. त्याला सेल लागत, आणि ऐन वेळी घरात शोधायला गेलं की ते टीव्हीच्या रिमोटात नाहीतर बेलमध्येच सापडत. रिमोट हा सुमतीचा प्रांत, त्याला हात लावायची प्राज्ञा नव्हती. तेव्हा वर्तकनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर येणारा-जाणारा वर्षानुवर्षं दार ठोठावत आला होता. मंजुळा कामाला आली की कडी वाजवी आणि तळमजल्यावरच्या केशरबाई जिन्यातूनच “दळवीऽऽण” करून ओरडत.

त्या रविवारी सकाळी चहा होऊन गेला होता, कप विसळायचे होते. सुमती ताटात मेथी निवडत बसली होती आणि साईनाथराव तिच्यासमोर भिंतीला पाठ लावून, लुंगी-बनियनवर काळा कोट चढवून उभे होते. हातात हातभर दोरी. कपडे वाळत घालतात तसली, पांढरी, सुती.

“कापू?”

“कापा.”

“मागाहून रडायचं नाही.”

“कापा हो, मला कुकर लावायचाय.”

कात्री चालली. दोरीचे दोन तुकडे लोंबकळले. साईनाथरावांनी डावा हात सहज कमरेवर ठेवला, उजव्या मुठीवर फुंकर घातली आणि दोरीची दोन्ही टोकं धरून ताणली. दोरी अखंड. ना गाठ, ना जोड.

सुमतीने हातातली मेथीची काडी खाली ठेवली. “परत करा बघू.”

“उद्या,” साईनाथराव म्हणाले आणि दोरी गुंडाळून खिशात टाकली.

हे असं रोज. जादूगाराने एक खेळ एका माणसाला एका दिवसात दोनदा दाखवू नये हा त्यांचा नियम. पहिल्यांदा माणूस बघतो, दुसऱ्यांदा तो शोधतो, असं ते म्हणत. आणि सुमती रोज नियमाने “परत करा बघू” म्हणे.

ती हे पहिल्यांदा म्हणाली ती कल्याणला, पारनाक्यावरच्या माहेरच्या घरात, कांदेपोह्यांच्या दिवशी. मे महिना, अंगातून पाण्याच्या धारा, आणि हा मुलगा कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट घालून बसलेला. वडील म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा. मुलाने विचारलं काहीच नाही. खिशातून दोरी काढली, कात्री मागितली, आणि भावी सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर कापून सांधून दाखवली. वडिलांचा चेहरा पोह्यात खडा लागावा तसा झाला. मुलगा औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात आहे एवढंच त्यांना सांगितलेलं होतं, गारुडी आहे असं कुणी बोललं नव्हतं. सुमती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, दाराशी ट्रे घेऊन उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, “परत करा बघू.” मुलगा म्हणाला, “लग्नानंतर.” घरात आठवडाभर वादावादी झाली आणि मग लग्न ठरलं.

कंपनी चालू होती तोवर साईनाथराव रविवारचे जादूगार होते. निवृत्त झाल्यावरही फार फरक पडला नाही. सोसायटीचा गणपती, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, बाळकुमला एका मित्राकडची हळद. कुणाकडून पैसे घेत नसत, केक मात्र घेत. घरातल्या घरात सुमतीला त्यांचे बाकीचे सगळे खेळ कळून चुकले होते. कपडे धुणाऱ्या बाईपासून नाणं लपवणार कुठे? शर्टाच्या शिवणीत पत्ता, बाहीत रुमाल, सगळं बादलीत तरंगायचं. साईनाथरावांनाही ते माहीत होतं. “आमच्या जादूचं सेन्सॉरबोर्ड,” म्हणत ते हसायचे.

दोरी तेवढी तिला कळली नव्हती. तो खेळ ते कुणाकडून शिकले नव्हते, त्यांनी स्वतः बसवला होता. कोट ते धुवायला देत नसत. एकदा कपाट आवरताना तो तिच्या हातात आला होता. आतल्या बाजूला काहीतरी टोचलंही होतं. सुमतीने मान दुसरीकडे फिरवली आणि न बघता तो हँगरला लावून टाकला. वाचता येत असून न वाचण्यासारखं होतं ते. पण तिला ठाऊक होतं, हा माणूस सकाळी उठतो, दाढी करतो, बनियनवर कोट चढवतो, ते जगात एका माणसाला अजून कळलेलं नाही या भरवशावर. ते तसं बोलूनही दाखवत. “सुमती, तुला कळलं ना, की माझं दुकान बंद.”

तर त्या रविवारी, दोरी खिशात जाते न जाते तोच दारावर थापा पडल्या. मंजुळेची कडी नव्हे, केशरबाईंची हाक नव्हे. दणदणीत, पाहुण्याच्या थापा.

दारात मितेश होता. तिसऱ्या मजल्यावरचा. लहानपणी शाळेतून आला की दप्तर याच घरात टाकायचा आणि काकांच्या मांडीशी बसून पत्ते पिसायला शिकायचा. आता त्याचं डोंबिवलीला घर होतं, कोरलेली दाढी होती, एका नखाला काळा रंग होता, आणि “जादूगार मिट” म्हणून रिक्षांच्या पाठीवर त्याचे फोटो होते.

“काका! बेलचे सेल अजून तिकडेच?” वाकून दोघांच्या पाया पडला. “काकी, चहा नको, खाली गाडीत माणसं आहेत. पुढच्या रविवारी कल्याणला शो आहे, दुपारचा. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत. नाही म्हणायचं नाही.”

“अरे येऊ की,” साईनाथराव म्हणाले. “तिकीट काढून येऊ.”

“तिकीट कसलं काका? सत्कार आहे तुमचा. स्टेजवर. शाल, श्रीफळ, सगळं. गुरूचा सत्कार करणार मी.” मग कोटाकडे बघत तो हळूच म्हणाला, “आणि पब्लिकला एक खेळ दाखवायचा तुम्ही. दोरीचा.”

साईनाथराव खुर्चीत बसले. मितेशला त्यांनी नाणी दिली, पत्ते दिले, रुमाल दिले. दोरी दिली नव्हती. मिसरूड फुटेस्तोवर पोरगा मागत होता, “काका, तेवढी एक,” आणि काका म्हणत होते, “ती घरची आहे रे, ती नाही.”

“मोठं स्टेज,” ते म्हणाले. “पाठीशी काय असेल?”

हा त्यांचा एकच प्रश्न असे. वाढदिवसाला गेले तरी आधी भिंत शोधत. पाठीशी भिंत असली की जादूगार राजा, हे त्यांनी मितेशलाही पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

“काळा पडदा आहे काका. भिंतच समजा.”

“मागे कुणी फिरणार नाही ना?”

“माझा शब्द,” मितेश म्हणाला आणि गेला.

नंतरचा आठवडा म्हणजे घरात लगीनघाई. साईनाथराव दुकानात जाऊन दोरीचं नवं बंडल घेऊन आले. बाथरूममध्ये भाषण पाठ होऊ लागलं. भाषण चारच वाक्यांचं, पण “माझा शिष्य मितेश” इथे आलं की आवाज चिरके आणि सुरुवातीपासून व्हायचं. जिन्यात जो भेटेल त्याला आमंत्रण गेलं. शेवटी सोसायटीने ट्रॅव्हलर गाडीच ठरवली. केशरबाई नव्या साडीत, सेक्रेटरी सिद्धेश सहकुटुंब, मागे पोरंसोरं. साईनाथराव ड्रायव्हरच्या शेजारी, कोट मांडीवर घडी करून, सुरकुती पडू नये म्हणून ठाण्यापासून कल्याणपर्यंत न हलता.

“काका, आम्हाला आता सही द्या, नंतर भाव खाल!” सिद्धेश मागून ओरडला, आणि गाडीभर हशा पिकला. तेव्हाचा हशा चांगला होता.

थिएटर भरलेलं. स्टेजच्या मागे वरती सिनेमाच्या पडद्याएवढा स्क्रीन, मागच्या लोकांना हात दिसावेत म्हणून. मितेश धुरातून आला. त्याच्या हाताखालची ऐश्वर्या नावाची मुलगी पेटीत गेली, पेटीत तलवारी गेल्या, मुलगी मागच्या दारातून चालत आली. शिट्ट्या, टाळ्या.

सुमती स्टेजकडे कमी आणि नवऱ्याकडे जास्त बघत होती. दुसऱ्याच्या जादूला बसले की साईनाथराव देवळात बसल्यासारखे बसत. सगळं कळत असूनही, टाळी पहिली त्यांची असे. शेजारचा कुणी “अहो, आरसा असेल” वगैरे पुटपुटला तर ते त्याच्याकडे अशा नजरेने बघत की तो गप्प होई. जेवायला बसलेल्याने आचाऱ्याच्या कढईत डोकावू नये, म्हणत.

मध्यंतराच्या जरा आधी मितेश लाल रुमाल गायब करत होता. रिकामे हात दाखवायला त्याने ते वर उचलले आणि सुमतीला त्याच्या उजव्या बाहीखाली लाल टोक लोंबताना दिसलं. करंगळीएवढं. तिने काही समजायच्या आत शेजारी ढाणकन आवाज झाला. साईनाथरावांची स्टीलची पाण्याची बाटली हातातून सुटली होती आणि खुर्च्यांच्या पायांवर आपटत, ठणठण करत पार कोपऱ्यापर्यंत घरंगळत गेली. अख्खं थिएटर बाटलीकडे वळलं.

“ओ आजोबा! झोप लागली काय?” मागून कुणी ओरडलं.

“सॉरी, सॉरी,” साईनाथराव अर्धे उठून हात जोडत राहिले. माना परत वळेपर्यंत मितेशचे हात कोरे होते. टोक नव्हतं. त्याने एकदा, अगदी एकदाच, पहिल्या रांगेकडे बघितलं.

“मुद्दाम टाकलीत,” सुमती कुजबुजली.

“घाम आलेला हाताला,” ते म्हणाले. झाकण उडालं होतं आणि त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत पाणी लागलं होतं.

मध्यंतरानंतर लाईट मंद झाले. मितेशने माईक तोंडाशी धरला. “आज इथे माझे गुरू आलेत. ठाण्याचे महान जादूगार, साईनाथ दळवी!”

वर्तकनगरच्या रांगेने खुर्च्या बडवल्या. साईनाथराव पायऱ्या चढले. दिव्यात गेल्यावर ते सुमतीला एकदम लहान दिसले, शाळेच्या गॅदरिंगमध्ये उभ्या केलेल्या पोरासारखे. मितेशने शाल पांघरली, नारळ दिला. साईनाथरावांनी माईक घेतला, “माझा शिष्य मितेश,” म्हणाले आणि अडकले. लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या. भाषण तिथेच संपलं.

“काका, शाल माझ्याकडे द्या, हात मोकळे हवेत ना,” मितेश म्हणाला. शाल काढून घेऊन तो त्यांच्या मागे, जरा कडेला उभा राहिला. साईनाथरावांनी मान वळवून एकदा मागे बघितलं. काळा पडदा. खांदे सैल झाले.

दोरी निघाली. वर स्क्रीनवर त्यांचे हात आले, म्हातारे, शिरा फुगलेले, पण न थरथरणारे. “कापू?” त्यांनी विचारलं. “कापा!” सगळे ओरडले. कात्री चालली.

आणि स्क्रीनवरचं चित्र बदललं.

सुमतीला आधी कळेना काय दिसतंय. काळं कापड, घराच्या भिंतीएवढं. मग तिला कळलं, ही पाठ आहे. काळ्या पडद्याच्या फटीत कुणीतरी कॅमेरा लावला होता. चित्रात दोन बोटं आली, त्यातल्या एकाचं नख काळं. त्या बोटांनी कोटाचा काठ पिसासारखा हलकेच उचलला. आत कोटाच्या अस्तराला अडकवलेलं पायजम्याचं इलॅस्टिक होतं, पुढे हातापर्यंत ताणलेलं, आणि त्याच्या टोकाला दोरीचा वीतभर तुकडा. समोर साईनाथरावांनी डावा हात सहज कमरेवर ठेवला, तसा तो कापलेला तुकडा सट्‌कन मागे आला आणि कोटाखाली लोंबत हलू लागला. शेपटीसारखा.

थिएटर फुटलं.

असा हशा साईनाथरावांना आयुष्यात मिळाला नव्हता. समोर बघत ते उजळले. अखंड दोरी त्यांनी ताणून धरली, आणि हशा वाढला. ते वाकले, तशी शेपटी वर उडाली, आणि मागच्या रांगांतले लोक उभे राहिले. मितेश पाठीमागे आपला हात कमरेशी नेऊन शेपटीसारखा हलवत होता.

सुमतीचे डोळे मात्र इलॅस्टिकच्या वरच्या टोकावर खिळले होते. ते एका पिनने अडकवलेलं होतं. गुलाबी टोपीची पिन. त्यांची मुलगी संचिता तान्ही असताना तिच्या लंगोटाला लावायची, सुमतीच्या आईने दिलेली. सुमतीने ती आठवण म्हणून डब्यात ठेवली होती, आणि एक दिवस ती डब्यात नव्हती. किती शोधली होती! माळा उपसला होता. शेवटी मंजुळेला उभी करून विचारलं होतं, तिच्या पिशवीत हात घालून बघितलं होतं. आणि ती पिन इथे, कल्याणात, दाराएवढी मोठी होऊन सगळ्यांच्या डोक्यावर चमकत होती. रोज सकाळी तिच्यापासून दोन हातांवर होती ती. अगंबाई, म्हणजे हा चोर घरातच! सुमतीला हसू फुटलं. आवरायला गेली तर जास्तच फुटलं, पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं.

साईनाथरावांनी ते बघितलं. पहिल्या रांगेकडे बोट दाखवून, आनंदाने भरून, त्यांनी आपलं ते नेहमीचं वाक्य म्हटलं. वाढदिवसांना म्हणायचे ते. “ही माझी मिसेस. लग्न झाल्यापासून रोज बघतेय, पण अजून तिला कळलेलं नाही!”

त्यावर जो हशा झाला त्याने नारळ ठेवलेलं टेबलसुद्धा थरथरलं असेल.

“काका,” मितेश माईकवर म्हणाला, “जरा मागे वळून वर बघा की.”

स्क्रीनवर तो सगळा प्रकार पुन्हा चालू केला होता, सावकाश गतीने. साईनाथराव वळले आणि त्यांनी तो बघितला. मधेच मान वळवली नाही, शेवटपर्यंत बघितला. इलॅस्टिक ताणलं जाताना, तुकडा सुटताना, शेपटी हलताना. त्यांना बघून लोक पुन्हा हसले.

“यांनी मला सगळं शिकवलं,” मितेश लोकांना सांगत होता. “सगळं. फक्त ही दोरी नाही. लहानपणापासून हात जोडतोय. म्हटलं, एकट्याने कशाला बघायची, सगळे मिळून बघू! टाळ्या होऊन जाऊ द्या काकांसाठी!”

टाळ्या झाल्या. त्यात पहिली टाळी साईनाथरावांची होती. सवयच ती. दोरी दातात धरून त्यांनी दोन्ही हातांनी मितेशसाठी टाळ्या वाजवल्या, मग मागे हात नेऊन तो तुकडा चाचपून कोटाच्या आत सारला, आणि पायऱ्या उतरले. नारळ टेबलावरच राहिला. तो आणायला मागे कुणी गेलं नाही.

सुमतीने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला. पुढचा सगळा शो ते बघत होते आणि योग्य जागी टाळ्या वाजवत होते.

परत येताना गाडी कल्याण फाट्याला अडकली. कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि गाडीतल्या प्रत्येक सीटवरून तोच हशा एकामागून एक वाजू लागला. सुरुवातीला लोक दबकून हसत होते. मग केशरबाई म्हणाल्या, “मला मेलीला वाटायचं मंत्र असेल काहीतरी. आणि निघालं पायजम्याचं इलॅस्टिक!” आणि सगळ्यांचा बांध फुटला.

“काकींना ठाऊकच असणार. काय काकी? रोज पायजमे कोण धुतं?”

“काका, गणपतीत हाच आयटम ठेवू. पण आता पाठमोरे उभे राहा हां!”

चहाला गाडी थांबली. चढताना साईनाथराव शेवटचे होते. सिद्धेशने दार धरून ठेवलं. “काका, शेपटी आत घ्या, दार लावायचंय.”

साईनाथरावांनी खरोखरच मागे वळून बघितलं. त्यावर पोरंसुद्धा हसली. सिद्धेश काही वाईट माणूस नव्हता. सुमतीच्या ऑपरेशनच्या वेळी त्यानेच रक्त दिलं होतं. तोही डोळे पुसत होता.

घरी पोचल्या पोचल्या बदलापूरहून संचिताचा फोन. “आई, बाबा व्हायरल झालेत! माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर आलाय. किती क्यूट दिसतायत! आणि तू? पहिल्या रांगेत केवढी हसतेस तू, तुझाच क्लोजअप आहे शेवटी. दे ना बाबांना.” फोन स्पीकरवर होता. साईनाथराव बूट काढत होते. “सांग तिला, दमलोय,” म्हणाले.

सुमतीला सांगायचं होतं की मी तुम्हाला हसले नाही, पिनला हसले. वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ते बोलायचं म्हणजे मला सगळं दिसलं असं बोलायचं. इलॅस्टिक दिसलं, तुकडा दिसला, पिनसुद्धा दिसली, इतकं नीट दिसलं. आणि न बोलावं, तर हसले ते हसलेच. तिने वरण-भात लावला. दोघं जेवले. कोट खुर्चीच्या पाठीवर होता, पाठ भिंतीकडे करून.

सोमवारी सकाळी कडी वाजली. मंजुळा आत आली ती पदर खोचायच्या आधी फोन काढूनच.

“वहिनी, हे बघितलं का? आमच्या चाळीत सगळ्यांकडे आलंय.” तिने बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. “ही ती पिन ना? गुलाबी टोपीची?”

सुमतीने फोनवर वाकून बघितलं.

“माझी पिशवी उलटी केलेली तुम्ही तेव्हा. माझी पोर सोबत होती माझ्या.” मंजुळेचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. “मी म्हटलं होतं, मी नाही घेतली.”

“चुकलं गं माझं,” सुमती म्हणाली.

“काल तुम्ही हसत होता ते पिनच बघून ना? मी लगेच ओळखलं. पोरीला म्हटलं, वहिनी पिनला हसतायत.” फोन कनवटीला लावून ती भांडी घासायला आत गेली. आतून नळाचा आवाज येऊ लागला.

साईनाथराव दाराशी उभे होते. लुंगी, बनियन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खुर्चीवरचा कोट त्यांनी उचलला, सुमतीच्या देखत आतली बाजू बाहेर काढली, पिन सोडवली आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. गुलाबी रंग बराच उडाला होता.

“मला वाटलं, तुला लागणार नाही आता,” ते म्हणाले. “विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुला कळलं असतं.”

“अहो, मी काल तुम्हाला नाही...”

“माहितीय. आत्ता ऐकलं.” त्यांनी कोट सरळ केला. “ते बरं झालं. पण पिन तर दिसलीच ना तुला.”

मग त्यांनी कोटाच्या खिशातून बेलचे दोन सेल काढून टेबलावर ठेवले. पुन्हा उचलले, पुन्हा खिशात टाकले. सुमतीला वाटलं, हे असंच जाऊ द्यायचं नाही. तिने कप बाजूला सारला, आपली खुर्ची ओढून रोजच्या जागी बसली, हात मांडीवर ठेवले आणि रोजच्यासारखं तोंड केलं. “करा की हो. कुकर लावायचाय मला.”

साईनाथराव भिंतीपाशी गेले. कोट चढवला. पिन नव्हती, तेव्हा कोटाच्या आत काहीच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी दोरी काढली, दोन बोटांत धरली. तिच्याकडे बघितलं. ती डोळे मोठे करून बघत होती, अगदी पारनाक्यावर ट्रे घेऊन उभी होती तशी. ती फार छान करत होती ते. कापायला त्यांचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला.

“परत करा बघू,” सुमती म्हणाली. चुकून आधीच म्हणाली. अजून दोरी कापलीही नव्हती.

आत मंजुळेने नळ बंद केला. साईनाथरावांनी दोरी गुंडाळली, पण खिशात टाकली नाही, हातातच ठेवली.

“सुमती, एक कर,” ते म्हणाले. “उद्यापासून मी दोरी काढली, की तू समोर बसू नकोस.”